डाव्या अंगाची पाती

फाल्गुनातली सकाळ. आंबोलीच्या उतारांवरून धुक्याची शुभ्रशीतल वस्त्रे हळूहळू सरकत होती. पांगाऱ्याच्या रक्तिम फुलांवर कोवळे ऊन येऊन टेकले होते.

घरापुढच्या खळ्यात बाबली बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, पंचक्रोशीत नावाजलेला लाकूडतोड्या. पुढ्यात यंत्रकरवत, तिच्या पट्टीवर श्यामल, तेलस्निग्ध साखळी. साखळीची पाती दोन अंगांची : एक उजवे, एक डावे, पुन्हा उजवे, पुन्हा डावे.

गोल कानस सरसर चालली. दर पात्याला तीन फेऱ्या; उजव्या अंगाला उजव्या हाताने, डाव्या अंगाला डाव्या हाताने. आतून बाहेर, आतून बाहेर, आतून बाहेर. चंदेरी कीस मांडीवर सांडत होता. पण गेल्या वर्षी त्याचा डावा खांदा निखळला, तेव्हापासून डाव्या हाताच्या तीन फेऱ्यांना उजव्याच्या एकीचेही बळ नव्हते. हे बाबलीला ठाऊक होते. कबूल मात्र करवत नव्हते.

ओंडक्यावर करवत चालवून पाहिली. डाव्या अंगाची पाती बोथट, म्हणून काप उजवीकडे वाकला. पुन्हा धार, पुन्हा काप; वाकडा तो वाकडाच.

आणि आज पाडायचा होता तो द्रौपदाच्या, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, घराला खेटून उभा असलेला वठलेला फणस. काप वाकला, की झाड घरावर.

दारात त्याची बायको भामा उभी होती. जन्माची डावरी, डाव्या हाताने वाढते म्हणून भर पंगतीत बोलणी खाल्लेली, त्याच हाताने कोयत्याला लखलखीत धार आणणारी. पण लाकूडतोड्याची कानस परक्या हाती गेली तर रान रुसते, असे बाबलीचा बाप सांगत असे.

"डाव्या अंगाची पाती माकां देवा," ती म्हणाली.

"ह्या बायलमाणसाचा काम न्हय."

"आणि बहिणीचा घर मोडूचा काम कोणाचा?"

बाबलीने कानस घट्ट मुठीत धरून ठेवली. मग मान खाली घालून तिच्यापुढे केली.

भामा बसली. तिचा डावा हात चालू लागला. शांत, सम, संथ. पाते उजळले, दुसरे उजळले, तिसरे उजळले.

माध्यान्हीच्या सोनसळी उन्हात द्रौपदाच्या परसात करवत गर्जली. पिवळाधमक, दाणेदार भुसा उसळला. काप सरळ गेला, तसूभरही ढळला नाही. फणस कडाडला, क्षणभर थबकला आणि मोकळ्या मळ्यात आडवा झाला. घराचे कौलही हलले नाही.

द्रौपदा धावत आली, डोळे पुसत भावाच्या पायांशी वाकली. बाबलीने तिला वरचेवर धरले.

"माझ्या पाया पडा नको," सगळ्या वाडीदेखत तो म्हणाला, "धार तुझ्या वयनीन काढल्यान."

भामाने मान वर केली. फणस नाहीसा झालेल्या आभाळातून ऊन खाली येत होते. कौलांवर, ओटीवर, उंबऱ्यावर, आणि मग हळूच, अगदी हळूच, तिच्या मुखावर.