मोजा कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी गाईच्या गळ्यातली एक जुनी घंटा आहे, आणि स्वभावाने जरा भोचक आहे. माझा मालक ओटमार, त्याच्या आजोबांनी मला स्वित्झर्लंडहून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आणलं, तेव्हा वाटभर वाजू नये म्हणून माझ्या पोटात लोकरीचे मोजे कोंबले होते. गाईच्या मानेखालून मला गवताखेरीज काही दिसत नसे. म्हणून कोण कुठे चाललंय, याची उत्सुकता मला जन्माचीच लागली.

ओटमार मात्र गोठ्यात बसून नुसता माझा आवाज ऐकून सांगायचा, "गाय आता पाण्यावर गेली. आता माशा हाकलतेय." पहाटे पाच आणि दुपारी चार, दुधाची वेळ त्याने पन्नास वर्षं चुकवली नाही. जत्रेच्या आधी तो मला मीठ लावून घासायचा आणि शेजाऱ्यांना माझा आवाज ऐकवायचा. मग त्याचे हात दुखू लागले, गाई विकल्या गेल्या आणि माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. अकरा वर्षं मी तिथे होते. खिळे काही बोलके नसतात.

डब्यातून मला काढलं ते त्याच्या मुलीने, व्हेरेनाने. ओटमार आता विसरू लागला होता. रोज चारच्या सुमारास तो टोपी घालून गोठ्याकडे निघायचा.

"बाबा, कुठे?"

"कुठे म्हणजे? कासा दुधाने तटल्या असतील गाईंच्या!"

पहिल्यांदा तिने खरं सांगितलं, की गाई विकल्या. तो लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा तितकाच रडला. मग तिने सांगणं सोडलं आणि मला स्वयंपाकघराच्या दाराला बांधलं. मी वाजले की ती धावायची. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. हातातलं ताट तसंच, केसांना साबण तसाच. आईला तिच्या शेवटच्या आजारात व्हेरेनाने शब्द दिला होता, "बाबांना मी परक्याच्या हाती देणार नाही." त्या शब्दापायी शाळेच्या बसवरची नोकरीही सोडली होती. समोरच्या शेतावरची डार्लीन चीज घालून केलेले बटाटे घेऊन यायची आणि म्हणायची, "दोन तास माझ्याकडे सोड की त्याला." व्हेरेना बटाटे ठेवून घ्यायची आणि विषय बदलायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची गोष्ट. तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. दुपारी तीनला ती माझ्याजवळ आली आणि बापाचाच एक मोजा माझ्या पोटात कोंबला. "घटकाभर गप्प बस गं बाई," म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली.

चार वाजायला दहा मिनिटं असताना ओटमार आला. टोपी घातली, दार उघडलं. मी जिवाच्या आकांताने हलले, पण आवाज मोज्यातच जिरला. तो घरातल्या सपाता घालून बर्फात उतरला. इतकी वर्षं मला कुतूहल, की हा जातो तरी कुठे? त्या दिवशी मात्र कुतूहल नको झालं. नुसतं भय वाटत होतं.

उघड्या दारातून आलेल्या थंडीने व्हेरेनाला जाग आली. ती रिकाम्या गोठ्यात धावली, मागे तळ्याकडे धावली. अर्ध्या तासाने डार्लीनची गाडी दारात थांबली.

"तुझा बाप माझ्याकडे कामाला लागलाय बरं का!" डार्लीन म्हणाली. "गाईची कास धुवत बसला होता. वर मलाच म्हणतो, पाणी कोमट आण."

ओटमारच्या पायाची दोन बोटं पांढरी पडली होती. व्हेरेना खाली बसून ती हातात धरून ऊब देऊ लागली. "मोजा मी कोंबला," ती म्हणाली. "मला झोप हवी होती, म्हणून. मी पोटची पोर!"

डार्लीनने हसणं थांबवलं. "हे बघ, माझ्या चाळीस गाई आहेत. दोन्ही वेळा पिळाव्याच लागतात. म्हणून काय त्या मी एकटीनेच पिळायच्या? तू जन्मलीस तेव्हा आठ दिवस या गोठ्यात तुझ्या बापाच्या जागी माझे सासरे बदलीला होते. बदलीवाला ठेवला म्हणून कोणी तुझ्या बापाला वाईट म्हटलं?"

"गाई वेगळ्या, बाप वेगळा."

तेवढ्यात ओटमारने वाकून मुलीकडे नीट पाहिलं. ओळखलं नाही, हे मला दारावरूनही कळलं. पण आवाज गोठ्यातला होता, मालकाचा. "पोरी, फार दमलीस. दमलेल्या हाताला गाय लाथ मारते. बदलीवाल्याला बोलाव आणि तू घरी जा."

व्हेरेना बराच वेळ त्याचे पाय धरून रडली. मग मान न उचलताच म्हणाली, "डार्लीन, सोमवारी चारला बाबांना नेशील?"

मित्रांनो, मी पितळेची. मला झीज नाही, झोप नाही, तरी मी एकटी पुरी पडले नाही. मग हाडामांसाचं माणूस एकटं कसं पुरेल? तुमच्या घरी कोणी असं दिवसरात्र दाराकडे कान लावून बसलं असेल, तर त्या माणसाला नुसते बटाटे देऊ नका. चार वाजता त्याच्या जागी जाऊन बसा. आणि तुम्हीच ते माणूस असाल, तर कोणी बदलीला आलं की दार उघडा.

सोमवारी डार्लीन ओटमारला घेऊन गेली. व्हेरेनाने माझ्यातला मोजा ओढून काढला, धुवून वाळत घातला. मग कोट चढवला आणि दार उघडलं. मी खणखणीत वाजले. सवयीने ती दचकली, मागे वळून पाहिलं, आणि वाजवणारी आपणच आहोत हे कळल्यावर हसली.

ती कुठे गेली ते मला माहीत नाही. जन्मात पहिल्यांदाच मला ते जाणून घ्यावंसं वाटलं नाही.