मागच्या सीटची बेल

अख्ख्या शहरात दारावरची बेल बसवावी तर निजामुद्दीननं. हे मी नाय म्हणत, माझं कार्ड म्हणतं. आता कार्ड मीच छापून घेतलंय, ती गोष्ट वेगळी. घरांचं वायरिंग हा माझा धंदा, बंगला असो की दोन खोल्या. त्यामुळं सासऱ्यांच्या जुन्या फियाटचं वायरिंग बदलायची गोष्ट निघाली तेव्हा मी सासरी भर दस्तरखानावर, सगळे जेवत असताना, बोलून बसलो, "चार दिव्यांची गाडी ती! नाश्ता करून हात घालतो, जेवायच्या आत मोकळा."

माझी बायको शहजादी नुसती हसली. तिचं हे हसणं मला लग्नापासून माहीत आहे. तरी मी सावध झालो नाय.

गाडी अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. गुलमंडीत कापडाचं दुकान होतं त्यांचं. ते गेल्यापासून गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी होती. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायच्या, पण आत कधी बसायच्या नाहीत. आता माझा मेहुणा साकिब, जो वैजापूरला कापसाचा व्यापार करतो, तो मागं लागला होता की गाडी भंगारात देऊन टाकू, शेडमध्ये मला माल ठेवायचाय. शेवटी अम्मींनी निकाल दिला.

"निजामुद्दीन मियाँ वायरिंग करतायत ना? करू द्या. मी एकदा बसून बघते. त्यांची गाडी वाटली तर राहील. नाय वाटली तर साकिबनं घेऊन जावी."

म्हणजे गाडीचा जीव माझ्या हातात आला. त्यात माझाही थोडा स्वार्थ होता. अम्मींच्या लेखी मी अजून बल्ब बदलणारा. ईदला गेलो तरी शिरखुर्म्याच्या आधी हातात उडालेला बल्ब ठेवतात, "मियाँ, आलाच आहात तर." एकदा तरी त्यांनी म्हणावं, वा, जावई हुशार आहे. बस, एवढीच इच्छा.

इंजिन आणि ब्रेक मिस्त्रीनं आधीच चालू करून दिले होते. राहिलं वायरिंग. आता जुनं वायरिंग बदलायची एक रीत असते. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधायची आणि ओढायची, एक झाली की दुसरी. सगळ्या एकदम उपटायच्या नाहीत. हे मी माझ्या कामगारांना घसा बसेपर्यंत ओरडून सांगतो. त्या दिवशी माझ्यावर ओरडायला कुणी नव्हतं. मी पक्कड घेतली आणि पुढून मागंपर्यंत सगळा गुच्छा कचाकच कापून बाहेर ओढला. लई मजा आली.

मजा संपल्यावर बघतो तर काय, सगळ्या वायरी मातकट झालेल्या. लाल कुठली, निळी कुठली, काय कळायला मार्ग नाय. मी म्हणालो, हरकत नाय, निजामुद्दीनला जुन्या वायरींची काय गरज!

त्यात एक वायर तर अगदीच येडपट होती. मागच्या सीटजवळ, दाराच्या बाजूला एक काळं बटण होतं, तिथून निघून ती डॅशबोर्डखाली एका गंजलेल्या डबीत गेली होती. ना दिव्याची, ना हॉर्नची. बटण माझ्या चांगल्या ओळखीचं होतं, दारावरच्या बेलचं, जुन्या पद्धतीचं. असली बटणं काढण्यात माझी उमर गेली. पण मोटारीत बेल? "अब्बांना पण काय काय हौस!" म्हणून मी हसलो, आणि बटण, डबी, वायर, सगळं गोणीत फेकलं. गोणी भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवली.

नवी वायर मी विकत आणलीच नाय. एका बंगल्याच्या कामावरचं बंडल उरलं होतं, तेच वापरलं. सगळी वायर लाल. मोटारीत निम्मी वायर लागतच नाय, करंट परत न्यायचं काम गाडीचा पत्राच करतो, हे मला मिस्त्रीनं फोनवर सांगितलं, पण तोवर मी घरासारख्या सगळीकडं जोडीनं वायरी ओढल्या होत्या. डॅशबोर्डखाली बटणांचा पांढरा बोर्डही बसवला, बैठकीत असतो तसा. वायपरला पंख्याचा रेग्युलेटर लावायचा माझा विचार होता, पण शहजादी म्हणाली, "मग एक कॅलेंडरही लावा ना समोर, म्हणजे घर पूर्ण होईल." मी रागानं तो बेत सोडला.

जेवायच्या आत होणारं काम आठवडाभर चाललं. रविवारी सकाळी अम्मी कडक इस्त्रीची चादर ओढून बाहेर आल्या. मागचं दार उघडून हळूच बसल्या. शहजादी त्यांच्या शेजारी. मी चावी फिरवली, गाडी सुरू झाली, आणि माझी छाती पत्र्याला टेकेल एवढी फुगली.

गल्लीच्या तोंडाशी समोर सायकल आली. मी हॉर्न दाबला. हूं का चूं नाय. घाबरून ब्रेक दाबला, तर गाडी अशी केकाटली की सायकलवाला सायकल टाकून ओट्यावर चढला.

"अहो, ब्रेक मारला तर मागचे दिवे लागत नायत, आणि भलत्याच वेळी लागतायत!" मागून एक रिक्षावाला ओरडला.

या अल्लाह! ब्रेकच्या दिव्याची वायर हॉर्नला आणि हॉर्नची ब्रेकच्या दिव्याला. सगळंच लाल, कोण कुणाचं ओळखणार? आता गुलमंडीतून जायचं म्हणजे पावलापावलाला ब्रेक. जिथं थांबायचं तिथं मी बोंबलत थांबलो. लोक शिव्या घालत होते, "दिसत नाय का, पुढं गर्दी आहे? कशाला कोकलतो?" मी काचेतून हात जोडत होतो. हात जोडायला थांबलो की पुन्हा बोंब. शहजादी तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

अम्मी मात्र हसल्या नाहीत. मी आरशात बघितलं. त्यांचा हात दाराच्या बाजूला सारखा काहीतरी चाचपत होता. बटण होतं त्या जागी आता नुसतं भोक होतं. त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. मग हात मांडीवर घेतला.

घरी आल्यावर उतरल्या. म्हणाल्या, "मियाँ, मेहनत केलीत तुम्ही. पण साकिबला सांगा, घेऊन जा म्हणावं." आणि आत गेल्या.

"हॉर्नचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मी शहजादीवरच भडकलो. "अर्ध्या तासाचं काम आहे ते!"

आता ती हसत नव्हती. "हॉर्नचं कोण बोलतंय? मागचं बटण कुठं गेलं?"

मग तिनं सांगितलं. पूर्वी मागच्या काचांना पडदे असायचे आणि अम्मी मागं बसायच्या. भर बाजारात नवऱ्याला मोठ्यानं हाका मारायची त्यांची रीत नव्हती, नाव तर त्यांनी कधीच घेतलं नाय. इंजिनाच्या आवाजात हळू बोललेलं अब्बांना ऐकू जायचं नाय, आणि एखादं दुकान हवं असलं तर ते मागं निघून जायचं. म्हणून अब्बांनी बेल बसवली. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की हळू चालवायचं.

"आणि तीनदा?" मी विचारलं.

"ते कधी सांगितलं नाय आम्हाला. तीनदा वाजली की अब्बा एक हॉर्न मारायचे. समोर रस्त्यावर कुणी नसलं तरी. आम्ही पोरं विचारायचो, तर दोघंही गप्प."

गावभर बेली बसवत फिरणारा मी, आणि अब्बांनी आयुष्यात एकच बेल बसवली, ती मी पकडीनं उपटून गोणीत टाकली. वर हसलोही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला.

"गोणी गेली का गं भंगारात?"

"मी उचलून ठेवलीय," शहजादी म्हणाली. "तुम्ही काय टाकलं की मी आधी उचलून ठेवते. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकले."

त्या दुपारी मी जेवलो नाय. डबी घासली, आतले पॉइंट साफ केले, बटण पुन्हा त्याच भोकात बसवलं. आणि वायर मुद्दाम तीच घेतली, अब्बांची, मातकट. चांगली होती, तिला मी उगाच कापलं होतं. जोड दिला, टेप गुंडाळली. बटण दाबलं, तर डबी घरघरली, खाकरली, आणि मग वाजली.

शहजादीनं अम्मींना हाताला धरून आणलं. "मी सांगितलंय ना एकदा," असं म्हणत म्हणत त्या बसल्या. गाडी शेडमध्येच उभी. मी पुढं बसलो, चावी फिरवली, आणि मागं वळून बघायची हिंमत केली नाय.

एकदा वाजली. मी म्हणालो, "थांबलोय अम्मी." काहीतरी बोलायचं म्हणून.

दोनदा वाजली. मी स्टिअरिंगवर हात नीट ठेवले.

मग बराच वेळ काय नाय. आणि मग तीनदा.

मी हॉर्नवर हात मारला. हूं का चूं नाय! मागचे दिवे तेवढे लागले, शेडच्या भिंतीवर लाल उजेड पडला. अरे कर्मा! पुन्हा मारला, दोन्ही हातांनी मारला. आत्ता, निजामुद्दीन, आत्ताच तुझं वायरिंग नडायचं होतं? आणि एकदम आठवलं, अन् मी सगळा जीव लावून ब्रेक दाबला.

फियाट केकाटली. शेडच्या पत्र्यांत तो आवाज घुमला.

आरशात बघितलं तर अम्मी चादरीनं तोंड झाकून बसल्या होत्या. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. रडतच होत्या, पण हसतही होत्या.

"अम्मी, तीन म्हणजे काय हो?" शहजादीनं हळूच विचारलं.

"नवरा-बायकोचं आहे ते, तुला काय करायचंय?" अम्मी डोळे पुसत म्हणाल्या. "आधी साकिबला फोन लाव. म्हणावं, कापसाला दुसरी जागा बघ."

मी उतरून त्यांच्यासाठी दार उघडलं. म्हणालो, "अम्मी, उद्या सकाळी येऊन हॉर्नची वायर तेवढी सरळ करून देतो."

त्या खाली उतरल्या नाहीत. बोट बटणावरच होतं.

"त्या वायरीला हात लावून तर बघा," म्हणाल्या.