मार्शमॅलोचा पाक

अनुजानं थर्मामीटर टेबलावर दोनदा आपटला, त्यातली बटणाएवढी बॅटरी काढून ओढणीला पुसली, परत बसवली, आणि तरीही काचेवर आकडा उमटेना तेव्हा तो फ्रीजवर भिरकावून दिला. गॅसवर साखर आणि ग्लुकोजचं पाणी उकळायला लागलं होतं. शेजारच्या वाटीत जिलेटीन भिजून फुगलं होतं. ओट्यावर तीन ताटांत, मोडतोड धरून, एकशे तीस गोल बिस्किटं गार होत पडली होती. दोन बिस्किटांच्या मधे ह्या पाकाचा फेटून केलेला मऊ मार्शमॅलो भरायचा, तो घट्ट झाला की अख्खी जोडी पातळ चॉकलेटात बुडवायची; अशा साठ जोड्या पाच वाजेपर्यंत डब्यात बसायला हव्या होत्या.

“आता गं?” खाली बसून डब्यांना कागद लावणारी तिची आजी, आक्का, म्हणाली.

“आता काय. एकशे पंधरा डिग्रीला पाक उतरायचा असतोय. कमी पडला तर लगदा, जास्त झाला तर रबर.”

“आणि त्या वाटीत काय ते, गोंदागत?”

“जिलेटीन. हाडाचं करतात.”

“मग रश्श्यात घालायचं सोडून बिस्किटात कशाला घालालीस?” आक्कानं कागद दुमडला. “डिग्री-बिग्री राहू दे. घरात गुळव्या हाय, त्याला हाक मार.”

गुळव्या म्हणजे अनुजाचा आजोबा, केरबा. तो मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. पेठ वडगावच्या बाळासोंच्या गुऱ्हाळावर त्यानं एकतीस हंगाम काढले होते. उसाचा रस काहिलीत उकळतो, पण त्याचा गूळ व्हायची वेळ आली की नाही हे एकटा गुळव्या ठरवतो. बोटं पाण्यात बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालून परत पाण्यात न्यायची, आणि चिमटीत गोळी वळून बघायची. त्यानं ‘उतरा’ म्हटलं की पाच गडी अख्खी काहील उचलून ओततात. केरबाच्या हातून एकही आधण, म्हणजे काहिलीभर पाक, बिघडलं नाही असं वडगावात अजून सांगतात. ते खरं नव्हतं. दोन बिघडली होती. पण लोक सांगत असताना मधे तोंड घालायला तो काही गेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेचं निमित्त झालं, रक्तात साखर निघाली, आणि त्याच्या मुलानं, अमरसिंहनं, त्याचं गुऱ्हाळावर जाणं बंद केलं. तेव्हापासून कसबा बावड्यातल्या ह्या नव्या घरात माणूस नुसता पडून असायचा. कुणी बोललं तर ‘हूं’, जेवण वाढलं तर दोन घास. आक्का त्याच्या अंथरुणाशी बसून रडायची आणि वर त्यालाच शिव्या द्यायची. अशात चार दिवसांमागं बाळासोंचा फोन आला. नवा गुळव्या हंगामाच्या तोंडावर सोडून गेला होता. “मामा, तुमच्याबिगर चुलाण पेटवायचा न्हाई मी,” ते म्हणाले होते. “नातवाच्या वाढदिवसाची बिस्किटं न्यायला येतोच हाय. तवा तुमचा शब्द बी घेऊन जातो.” घरात चार दिवस सण असल्यासारखं झालं. आक्कानं धोतरं काढून निळीत घातली. अमरसिंह स्वतःच म्हणाला, जाऊ द्या, बसून मरण्यापेक्षा बरं. केरबा जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. खुद्द केरबानं मात्र अजून हो म्हटलं नव्हतं.

“आबा, उठा की जरा,” अनुजा दारातून म्हणाली. “पाकाची गोळी बघायची हाय.”

तो लगेच वळला नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या बोटांत काही राहिलं नव्हतं. आधी पायांचं झालं. चालताना चप्पल मागं राहिली तरी त्याला कळायचं नाही, आणि ते घरादाराला ठाऊक होतं, डॉक्टरलाही ठाऊक होतं. हातांचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सदऱ्याची गुंडी लागेना की तो आक्कावर करवादायचा, काजं बारीक शिवलीत म्हणून. आक्का दुपारभर बसून काजं मोठी करून द्यायची. चार दिवस तो मनाला समजावत होता की कापडाचं कळेना झालंय, पाकाचं कळेल. पाकाची बोटं वेगळी असतात. आज उठला तो हेच बघायला उठला. ह्या पातेल्यातली गोळी कळली तर बाळासोंना हो म्हणायचं. नाही कळली तर काय, ते त्यानं ठरवलं नव्हतं.

ओट्याशी उभं राहून त्यानं पाकाकडं बघितलं. बुडबुडे मोठे आणि आळशी व्हायला लागले होते. अनुजानं गार पाण्याची वाटी पुढं केली. त्यानं तीन बोटं पाण्यात बुडवली आणि सरळ पातेल्यात घातली.

“आबा, हात,” अनुजानं त्याचं मनगट धरायला हात पुढं केला.

“गप. एकतीस हंगाम हेच केलंय.”

बोटं परत पाण्यात आली. चिमटीत काहीतरी होतं. डोळ्यांना ते दिसत होतं. बोटांना ते नव्हतंच. ना ऊन, ना गार, ना मऊ, ना कडक. त्यानं अंगठा फिरवला. दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा फिरत असल्यासारखं वाटलं.

“अजून जरा,” तो म्हणाला. एवढं म्हणायला बोटं लागत नव्हती.

थोड्या वेळानं त्यानं परत बघितलं. त्या खेपेला डोळे मिटून घेतले. आक्का खालून म्हणाली, “बघ, कसा समाधी लावतोय,” आणि दोघी हसल्या. त्याच्या मानेवर घाम आला होता. उसाचा रस असता तर रंगावरनं, वासावरनं निभावून नेलं असतं; हे पांढऱ्या साखरेचं पाणी रंगही बदलत नव्हतं आणि त्याला कसला वासही नव्हता. तिसऱ्यांदा त्यानं बोटं जरा जास्तच वेळ आत ठेवली. काही नाही.

“आबा, पुढं जाईल हं. उतरू?”

“तू बघ,” तो म्हणाला. “वाटीत टाकून बघ. शिकून ठेव. मी किती दिवस पुरणार तुला?”

अनुजानं चमच्यानं थेंब वाटीत सोडला आणि बोटांनी गोळा केला.

“काय लागतंय?”

“मऊ हाय.”

“कसं मऊ? नीट सांग.”

“भिजवलेल्या मनुक्यागत. दाबलं की चपटं हुतंय. सोडलं तर तसंच राहतंय.”

“मग उतर,” केरबा म्हणाला.

पाक जिलेटीनवर ओतला आणि यंत्रानं दहा मिनिटं फेटला, तेव्हा म्हशीच्या नुकत्या काढलेल्या धारेवर येतो तसा पांढराशुभ्र, दाट फेस वर आला. अनुजानं चमचा उलटा धरला; फेस पडला नाही. आक्का उठून बघून गेली. “दोन वर्षं पडलंय, पर हात कुठं जातोय,” ती म्हणाली, आणि शेजारणीला हे सांगितल्याशिवाय तिला राहवेना म्हणून चपला घालून बाहेर पडली. केरबा स्टुलावर बसला. मनुक्यागत ती गोळी त्यानं चाचपली नव्हती. ते त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि त्याला आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटत होतं.

उठून परत भिंतीकडं जावं, तर ते आता बरं दिसलं नसतं. म्हणून तो चॉकलेटात बिस्किटं बुडवायला बसला. अनुजा मार्शमॅलो भरून घट्ट झालेल्या जोड्या पुढं सरकवायची, तो एकेक बुडवून जाळीवर ठेवायचा. चौथ्या जोडीला तिनं त्याचा हात धरला.

“हे काय?”

“काय?” केरबानं विचारलं, आणि मग खाली बघितलं.

अंगठा आणि दोन बोटांची टोकं पांढरी फुगली होती. एक फोड फुटून कातडं सुटलं होतं आणि उघड्या मांसाला चॉकलेट लागलं होतं.

“दुखत न्हाई?”

अनुजानं ओल्या फडक्यानं हात पुसला. मग त्याचा हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, “खिडकीकडं बघा. मी कुठलं बोट धरलंय सांगा.”

केरबानं खिडकीकडं बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. तो बराच वेळ त्या गाद्यांकडंच बघत राहिला.

“मधलं,” तो म्हणाला.

परत वळून बघितलं तेव्हा तिनं करंगळी धरलेली होती.

“कवापासनं?”

“आक्काला सांगू नको,” तो म्हणाला. “कुणालाच सांगू नको. तुला शपथ हाय माझी.”

अनुजानं मलम लावलं, त्यावर पातळ फडकं गुंडाळलं. त्याच्या हातच्या चारही जोड्या तिनं कचऱ्यात टाकली आणि कमी पडलेल्या चार जोड्या नव्यानं भरायला घेतल्या.

बाळासो पाचला आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आल्या-आल्या पंखा लावायला सांगून ते सोफ्यावर बसले. आक्कानं बशीत एक बिस्कीट आणि चहा पुढं केला. केरबा समोर बसला होता. उजवा हात त्यानं मांडीवरच्या टॉवेलाखाली घेतला होता.

“नातवानं, राजवीरनं, पुण्यात हे कुठंतरी खाल्लं, तवापासनं घरात दुसरं नावच न्हाई,” बाळासो म्हणाले आणि अर्धं बिस्कीट एका घासात तोडलं. आतला पांढरा मार्शमॅलो ताणला, तुटला. “आयला. कापूसच की.”

“पाकाची गोळी ह्यांनी बघितलीया,” आक्का म्हणाली. “यंत्र मोडलं, तर बोटानं सांगितलं.”

“मग मी काय म्हणत हुतो?” बाळासोंनी उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं. “मामा, सोमवारी सकाळी गाडी पाठवतो. तुम्ही नुसतं हुबं राहायचं आणि उतरा म्हणायचं. मी डोळं झाकून तुमच्या बोटावर सोडणार सगळं.”

हो हा शब्द केरबाच्या अगदी ओठाशी आला. चुलाणाची धग, पहाटेचा धूर, आपल्या एका शब्दासाठी खोळंबलेले पाच गडी. ह्या सगळ्यासाठी त्याचा जीव तुटत होता. आणि तेच पाच गडी, उकळती काहील उचललेली, कच्च्या आधणाचा पाक त्यांच्या पायांवर उसळलेला, असंही त्याला दिसत होतं. त्याच्यानं हो म्हणवेना. नाही तर त्याहून म्हणवेना.

“आबा येणार न्हाईत,” स्वयंपाकघराच्या दारातून अनुजा म्हणाली.

बाळासोंनी मान वळवली.

“माझ्या ऑर्डरी वाढल्यात, काका. पाक कोण बघणार? यंत्रावर माझा भरवसा न्हाई. मी न्हाई सोडायची त्यांना.”

“अगं ए, गप,” आक्का म्हणाली. “थोरल्या माणसांत बोलालीस.”

“गप का? मला माणूस लागतंय हाताखाली.”

“मामा,” बाळासो केरबाकडं वळले, “तुमचं काय म्हणणं?”

सगळे त्याच्याकडं बघत होते. टॉवेलाखालचा हात बाहेर काढून बशीशेजारी ठेवला असता तर पुढं काही बोलायलाच लागलं नसतं.

“पोरगी अडून बसलीया,” केरबा म्हणाला. “काय करू, सांगा.”

बाळासोंनी चहा संपवला. मग बिस्किटांचे डबे उचलायला उठले. “नातीपुढं इलाज न्हाई. पर मामा, पुढल्या हंगामाला मी ऐकणार न्हाई.”

“पुढल्या हंगामाला नक्की,” केरबा म्हणाला. आवाज एकदम खणखणीत आला, गुऱ्हाळावर यायचा तसा.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आक्कानं कळ काढली. मग तिनं अनुजाला धरलं. “दोन वर्षं माणूस भिंतीला तोंड करून पडलंय, तुला दिसत न्हाई? चार दिवस झालं भाकरी मागून खातंय. आणि तू तुझ्या बिस्किटापायी त्याचं काम घालवलंस. माझ्याशी बोलू नको. आजपास्नं बोलूच नको.”

अनुजा पातेल्याला चिकटलेला पाक खरवडत राहिली. केरबा सोफ्यावर होता तिथंच होता. आत्ता उठून ओट्याशी जावं, चार शब्दांचं काम आहे, असं त्याला वाटत होतं, आणि तो उठत नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण बाळासो आत्ता गाडीत बसून केरबामामाचा हात अजून तसाच आहे म्हणून सांगत असतील, हेही त्याच्या मनात आलं, आणि त्यानं बरं वाटलं.

साडेसहाला अमरसिंह कारखान्यातनं आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. चपला काढायच्या आधीच त्यानं ते बापासमोर उघडलं. आत मऊ तळाचे काळे बूट होते.

“डॉक्टरला विचारून आणलंय, आबा. काटा टोचत न्हाई, निखारा पडला तरी भाजत न्हाई. गुऱ्हाळावर हे घालूनच जावा.”

“कुठं जात्यात?” आक्का म्हणाली. “इचार तुझ्या लेकीला.”

अमरसिंहनं अनुजाकडं बघितलं. तिनं नळ बंद केला.

“मी न्हाई म्हटलं बाळासोकाकांना. आबा माझ्याकडं पाहिजेत.”

“तू कोण न्हाई म्हणणारी?” तो हळू बोलला; रागावला की त्याचा आवाज चढत नसे, उतरत असे. “त्या माणसाचं काय हुतंय ह्या घरात, हे दिसत न्हाई तुला?”

अनुजानं एकदाच केरबाकडं बघितलं. आक्काही त्याच्याकडं बघत होती, अमरसिंहही. खोक्यातल्या बुटांना नव्या रबराचा वास येत होता.

केरबानं टॉवेल हातावर नीट ओढून घेतला.

“जाऊ दे रं,” तो म्हणाला. “पोर हाय. तिला काय कळतंय.”

अनुजानं नळ सोडला आणि पातेलं परत घासायला घेतलं.