एका मिनिटातले प्राणी

मराठी मंडळाच्या शब्दांच्या खेळात यंदा भावंडांच्या जोड्या उतरणार असं ठरलं आणि मयुरेशचं तोंड उतरलं. गेल्या वर्षी तो एकटा खेळून जिंकला होता. आता त्याच्या जोडीला सावनी, वय वर्षं सात, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी.

"ती वाघ-सिंह म्हणते आणि तिथेच थांबते, आई," बारा वर्षांचा मयुरेश कुरकुरला.

ते खरं होतं. आखातातल्या हमद टाउनच्या घरी त्यांची आई अरुणा रोज सराव घ्यायची. मोबाइलवर मिनिट लावून म्हणायची, "हं, प्राणी सांग." सावनी वाघ, सिंह, कुत्रा, मांजर एका दमात सांगायची आणि मग छताकडे बघत बसायची. तिला शब्द लवकर सुचत नाहीत, असं शाळेतल्या बाईंनीही कळवलं होतं. अरुणाच्या मनात धाकधूक सुरू झाली. शेवटी तिने कॅरोलिनला घरी बोलावलं. वसईची कॅरोलिन इथल्या हॉस्पिटलात मुलांच्या बोलण्याच्या अडचणींवर काम करायची. हा खेळ मंडळात तिनेच आणला होता.

सावनीशी बराच वेळ गप्पा मारून झाल्यावर कॅरोलिन म्हणाली, "शब्द भरपूर आहेत गं हिच्याकडे. मागितल्याबरोबर शोधून काढणं या वयात कठीण जातं. मोठी मुलं पाळीव प्राणी संपले की आपणहून जंगलात शिरतात, मग पक्ष्यांकडे वळतात. लहान मुलं पहिल्याच घोळक्यात अडकतात. वयाबरोबर जमत जातं ते."

"मी पण अडकायचो?" मयुरेशने विचारलं.

"तू? हिच्याएवढा होतास तेव्हा गाय, म्हैस म्हणालास आणि माझ्याकडे बघत बसलास. मग परत गाय म्हणालास."

सावनी खिदळली. मयुरेशचे कान लाल झाले, पण त्या दिवसापासून त्याची कुरकुर थांबली.

स्पर्धेच्या दिवशी अदलियातला छोटा हॉल गच्च भरला होता. कॅरोलिनचा नवरा लान्सी माइक घेऊन नियम सांगत होता. धाकट्याने मिनिटभर प्राण्यांची नावं सांगायची. मोठ्याने मध्ये एकदाच, एकच शब्द बोलायचा. तो प्राण्याचं नाव नसावा.

सावनीचं नाव पुकारलं गेलं. अरुणाने नवऱ्याचा, राजनचा हात घट्ट धरला.

"वाघ, सिंह, कुत्रा, मांजर, हत्ती," सावनी भराभर म्हणाली. आणि थांबली. तिची नजर छताकडे गेली. मयुरेश खुर्चीच्या टोकाला आला होता. जंगल म्हणावं? पण जंगलातले तर तिने सांगितलेत. शेत म्हणावं? शेत तिने पाहिलंय कुठे? सुट्टीच्या दिवशी ती कुठे जाते, ते त्याला एकदम आठवलं.

"मासळीबाजार," तो ओरडला.

सावनीने मान खाली घेतली. दर सुट्टीला ती राजनचं बोट धरून मासळी घ्यायला जायची, प्रत्येक टोपलीपुढे थांबून "हा कुठला?" विचारायची.

"सुरमई. पापलेट. बांगडा. हलवा. कोळंबी, चिंबोरी, माकूल. रावस. हामूर..."

"हामूर मराठी नाही, अरबी आहे," मागून जयेश म्हणाला. मंडळाचा हा खजिनदार नियमांचा भारी कडक.

"आमच्या कालवणात पडतो, म्हणजे मराठी," लान्सीने माइकवरच निकाल दिला. लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि त्या गोंगाटात सावनी बोटं नाचवत पुढे चाललीच होती. "मांदेली. बोंबील. आणि मांजर... नाही, मांजर झालं. बगळा, तो बाहेर उभा असतो. कावळा."

वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा मयुरेश खुर्चीवर उभा होता. राजन शिट्टी वाजवत होता. अरुणा डोळे पुसत कॅरोलिनकडे बघून मान हलवत राहिली.

मग मोठ्या भावंडांची पाळी आली. 'प'वरून शब्द सांगताना मयुरेशने पाणी, पान, पाऊस, पाय अशी रांग लावली, ती संपताच 'पु'कडे वळला. तरी पहिलं बक्षीस सॅब्रिना आणि कीथ या बहीण-भावाला गेलं आणि ही दोघं दुसरी आली. सावनीला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाताना गाडीत ती सीटवर उड्या मारत होती.

"दादा, परत दे ना शब्द."

"स्वयंपाकघर."

कढई, पातेलं, पोळपाट, लाटणं, चमचा. हमद टाउनचा राउंडअबाउट आला तेव्हा ती अडकली. मयुरेश तोंड उघडणार इतक्यात तिने हात वर केला.

"थांब, सांगू नको." ती खिडकीबाहेर बघत राहिली. राजनने गाडी हळू केली.

"आता फ्रिज उघडते मी," सावनी म्हणाली. "दूध. दही. लोणी. कोथिंबीर."

मयुरेशने आईकडे पाहिलं. अरुणा हसत होती.

"फ्रिज झाला," सावनी म्हणाली. "आता डब्यांकडे जाऊ."