तोफकाकांना आलेला दम्याचा निरोप

दवाखान्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. ती डॉक्टर नव्हती, संशोधक होती. माजी सैनिक आणि अनाथगृहातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण, हे दोन्ही प्रकारचे पेशंट तपासणीची वेळ घेतात आणि येतच नाहीत, याचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं. कारण तिला आधीच सापडलं होतं: लोक विसरतात. म्हणून तिने उपाय काढला. आदल्या दिवशी पेशंटच्या मोबाइलवर निरोप जाईल आणि सकाळी त्याच्या दारात दवाखान्याची गाडी येईल. गाडी मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते. त्या गडबडीत संगणकावरच्या तक्त्यात शेजारशेजारच्या दोन-दोन ओळींतल्या फोन नंबरांची अदलाबदल झाली, हे तिच्या लक्षात आलं नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला, असे सगळे निरोप गेले.

त्यातला एक तोफकाकांकडे आला. तोफकाका म्हणजे तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सडसडीत गृहस्थ, मुलगा-सुनेबरोबर राहणारे. त्यांचा डावा कान तोफांनी केव्हाच नेला होता आणि उजवा निघायच्या तयारीत होता. काकांना हे मान्य नव्हतं. हल्ली लोकच हळू बोलतात, असं त्यांचं म्हणणं. सुनेने कानाच्या तपासणीची वेळ किती वेळा घेतली आणि त्यांनी किती वेळा चुकवली, याला गणती नव्हती.

निरोपात लिहिलं होतं की उद्या सकाळी दम्याच्या तपासणीला यायचं आहे, गाडी लाँड्रीच्या मागच्या खोलीपाशी येईल, आपला पंप सोबत आणावा. वर नाव कुणा मुलीचं होतं. पण पलटणीतही त्यांचं नाव कधी कुणी धड लिहिलं नव्हतं, त्यामुळे काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याला दमा आहे हे मात्र त्यांना त्या दिवशीच कळलं. थोडं वाईट वाटलं. पण हुकूम तो हुकूम. सकाळी ते दाढी करून, बूट चमकवून, सायकलला हवा भरायचा पंप काखेत मारून घराबाहेर पडले. ते आपणहून दवाखान्याला निघालेत हे पाहून सुनेने पंपाबद्दल विचारायचं टाळलं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत खारूताई राहत होती. हे तिचं अनाथगृहातलं नाव, कारण ती लहानपणी उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवून ठेवायची. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिला तिथून निघावं लागलं. आता ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर कामाला होती, आणि दमा असलेल्या मुलीने करू नये असं नेमकं तेच काम करत होती. तिलाही एक निरोप आला होता. कानाच्या तपासणीला यावे, युद्धाच्या आठवणींनी झोप लागत नसल्यास डॉक्टरांना सांगावे, शक्य असल्यास सुनेला सोबत आणावे. तिने तो लाँड्रीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवला. दोघी इतक्या हसल्या की खारूताईला धाप लागली.

सकाळी तिने दार उघडलं तर समोर एक आजोबा सावधान उभे, काखेत पंप. तिने काय हवंय ते विचारलं. काकांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. तिने वाचलं. मग पंपाकडे पाहिलं. मग खिशातून आपला इनहेलर काढून त्यांना दाखवला आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "काका, हा पंप. आणि दमा माझा आहे, तुमचा नाही."

काकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला. तेवढ्यात गाडी आली. "मग चल," ते म्हणाले.

तिने जाणार नाही म्हणून सांगितलं. काकांनी कारण विचारलं, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. खिडक्या उघडायला लागल्या, तेव्हा ती निमूटपणे गाडीत बसली. गाडीत तिने कारण सांगितलं. दवाखान्यातल्या लहान मुलांच्या विभागात होती तोवर तिथल्या सिस्टर तिला ओळखायच्या. मोठ्यांच्या विभागात दर वेळी सगळ्यांसमोर विचारतात, सोबत कोण आलंय, आईवडील कुठे आहेत. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग जाणंच सोडलं. काकांना यातलं निम्मं ऐकू आलं. पण निम्मं पुरेसं होतं.

दवाखान्याच्या खिडकीचं भोक कंबरेच्या उंचीवर होतं, त्यामुळे आत बोलायला प्रत्येकाला वाकावं लागे. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता खारूताईला विचारलं, सोबत कोण?

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"सोबत."

बाईंनी आणखी काही विचारलं, पण ते काकांना ऐकू आलं नाही, आणि त्यांचा पुन्हा बोलायचा आवाज सोसण्याची बाईंची तयारी नव्हती. त्यांनी कागदावर शिक्का मारला.

मग दोघं एकमेकींना साखळीने बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. थोड्या वेळाने खिडकीतून एक नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मागच्या रांगेतला कुणीतरी मोठमोठ्याने हसला. ते नाव खारूताईने कालच्या निरोपात वाचलं होतं. तिने शेजारी पाहिलं. काका भिंतीवरचं दातांचं चित्र शांतपणे न्याहाळत होते. तिने त्यांना कोपराने ढोसलं.

"काका, तुम्हाला बोलावताहेत."

काकांनी दातांच्या चित्रावरून नजर काढली नाही. मग तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "मागच्या वेळीही असेच हसले होते." हळू बोलता येतं त्यांना, हे तिला तेव्हा कळलं. ती उठली आणि त्यांच्याबरोबर आत गेली.

आकडेबाईला सगळं संध्याकाळी समजलं. आधी ती खूश झाली, कारण दवाखान्यात बरेच लोक आले होते. मग कळलं की निम्मे लोक दुसऱ्याचा निरोप पोचवायला आले होते, आणि तिची पाचावर धारण बसली. एकाचा आजार दुसऱ्याला कळवणं हा फार मोठा गुन्हा होता. रात्रभर तळमळून सकाळी ती स्वतःच संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नैतिकता समितीपुढे गेली आणि चूक सांगून मोकळी झाली. समितीने संशोधन थांबवलं आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना बोलावलं.

तोफकाका आणि खारूताई एकत्रच आले. अध्यक्षांनी काकांना नुकसानीबद्दल विचारलं. काका म्हणाले, झालंय. तपासणीत रक्तदाब निघाला, तेव्हापासून ही पोरगी माझ्या ताटातलं मीठ कमी करायला घरी येते आणि सून तिला दार उघडते. खारूताईची तक्रार अशी की काका रोज सकाळी तिच्या दारापाशी उभे राहून, इनहेलर घेतला का, असं ओरडून विचारतात, त्यामुळे अख्खी गल्ली तिचा दमा सांभाळते आहे. अध्यक्षांनी विचारलं, मग तुम्हाला तक्रार नोंदवायची आहे का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका म्हणाले, नोंदवा, पण निरोप बंद करू नका.

समितीने आकडेबाईला कडक समज दिली. मग यातून काय शिकलात, असं विचारलं. ती म्हणाली, "लोक विसरत नव्हते. त्यांना लाज वाटत होती, आणि ते मी विचारलंच नव्हतं."

सगळ्यांची रीतसर संमती घेऊन काम नव्याने सुरू झालं. ज्यांना हवा त्यांना सोबती मिळू लागला, आणि खिडकीतल्या बाईंनी सगळ्यांसमोर आईवडील विचारणं थांबवलं. मध्यंतरी काका लाँड्रीच्या मालकाशी बोलायला गेले. ते काय बोलले ते मालक कुणाला सांगत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खारूताई वाफेवरून पैशांच्या गल्ल्यावर आली. तिचा दमा बराच कमी झाला. डॉक्टरांच्या मते हे नव्या औषधामुळे झालं. काकांच्या मते काकांमुळे. आकडेबाईने पुष्कळ डोकं खाजवलं, पण दोन्ही कारणं वेगळी करता येईनात. शेवटी तिने अहवालात दोन्ही लिहिली, आणि काकांनी तो वाचून आपलं कारण पहिलं घालायला लावलं.