घोटलेली वाट

"अहो भाऊजी, म्हातारपणी चिखलात खेळायला लागलात की काय?"

शेजारची वहिनी कुंपणावरून ओरडली, पण गवंड्यानं मान वर केली नाही. अंगणात त्यानं आपल्या शेताची मातीची नक्कल केली होती. वर विहीर, मध्ये उतार, उतारावरून विहिरीची वाट, खाली घर.

शेत तसं कोवळंच. कालव्यातून निघालेली माती त्यानं आणि बायकोनं वाहून आणून उघड्या खडकावर पसरलेली. नव्या मातीला अजून वळण नव्हतं, पाऊस आला की ओघळ पडायची. यंदाची तर कमरेइतकी खोल. अजून एक जोराचा पाऊस, की माती ओढ्यात आणि गवंडी खडकावर! दगड रचले, बांध घातले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हणाला, ओघळ सुरू कुठं होते ते तरी बघू.

भोकं पाडलेल्या डब्यातून त्यानं पाणी सोडलं. उतारभर पसरलेलं पाणी विहिरीच्या वाटेवर गोळा झालं, वाटेनं पळत सुटलं आणि वळणावर बाहेर उडी मारून माती कापत खाली गेलं.

"अगं बाई! ही तर ताईंची वाट," वहिनी म्हणाली.

"गप बसा वहिनी."

त्यानं वाट बोटानं मोडली, पुन्हा पाणी सोडलं. ओघळ पडलीच नाही.

बायको त्या वाटेनं पाणी आणायची. ती गेल्यापासून ह्या पठ्ठ्यानं वाटेवर गवताची काडी उगवू दिली नव्हती. गवंड्याचा हात तो! थापीनं ठोकून, घोटून वाट फरशीसारखी गुळगुळीत ठेवलेली. घरात बोलायला कोण होतं? संध्याकाळी वाटेशीच बोलायचा.

"बुजवा आता," वहिनी हळूच म्हणाली.

"आणि मग तिचं राहिलं काय?"

"ही माती कुणी वाहिली, भाऊजी?"

त्यानं डबा खाली ठेवला. सकाळी कुदळ घेऊन गेला आणि वाट खणली. वहिनीनं कुंपणावरून गवताचे ठोंब दिले, ते लावताना त्याला रडू आवरेना.

गवत धरल्यावर मोठा पाऊस झाला. रात्रभर कोसळला, पण ओघळ काही पुढं सरकली नाही.

"जिंकलात की!" वहिनी ओरडली.

"जिंकलो," म्हणत तो बांधावरच्या लांबच्या रस्त्यानं विहिरीवर गेला. तिथून उताराकडं बघत बराच वेळ उभा राहिला. माती जागच्या जागी होती. बायको नेमकी कुठून चढून यायची, ते मात्र त्याला ओळखू येईना.