मायकेलचा कोट फ्लेव्हियाच्या अंगावर

मित्रांनो, धड काळाही नाही आणि धड निळाही नाही, अशा रंगाचा मी एक जुना कोट आहे. माझा जन्म १९८८ साली भाईंदरला, स्टेशनाजवळच्या एका लहानशा दुकानात झाला. दशरथ नावाच्या शिंप्याने मला शिवले. दुकानात उजेड कमी आणि गिऱ्हाइके जास्त, तरी नुसत्या माझ्या खांद्यांसाठी त्याने तीन दिवस घेतले.

ज्याच्यासाठी मी शिवला गेलो तो मायकेल, उत्तनचा मच्छीमार. स्वतःच्या लग्नात तो चुलतभावाचा कोट मागून उभा राहिला होता. त्या कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या आणि गावाने ते बरीच वर्षे लक्षात ठेवले. म्हणून धाकट्या बहिणीचा हात धरून तिला चर्चमध्ये न्यायची वेळ आली तेव्हा त्याने ठरवले, की या वेळी कोट आपल्या मापाचा हवा. त्या दिवशी मी पहिल्यांदा चार माणसांत आलो. मायकेल एरवी मान खाली घालून चालायचा, त्या दिवशी समोर बघून चालला. "मायकेल, साहेब दिसतोस रे!" असे पाचसहा जण तरी म्हणाले. त्याची सात वर्षांची मुलगी फ्लेव्हिया माझ्या आत सारखी हात घालून खिसे मोजत होती.

ते कौतुक फार टिकले नाही. होडीवर जाणाऱ्या माणसाला कोटाचे काय काम? नाताळच्या मिस्साला, एखाद्या लग्नाला मी बाहेर पडे. पुढे तेही कमी झाले. एका पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझी वर्षे गेली. खाऱ्या हवेने माझ्या कॉलरवर पांढुरकी बुरशी धरली. मायकेलची बायको नोरा पावसाळा सरला की एकदा मला उन्हात घाली, ओल्या फडक्याने पुसे आणि पुन्हा घडी करून ठेवी. तेवढ्या एका दिवसाची मी वर्षभर वाट बघत असे.

मग १९९९ साल आले. फ्लेव्हिया बारावी झाली होती. मुंबई विद्यापीठात त्याच वर्षी व्यवस्थापनाची नवी पदवी सुरू झाली होती, बीएमएस. मीरा रोडच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. त्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. शाळा मराठीतली आणि इथे सगळे इंग्रजीत, त्यामुळे सुरुवातीचे दोन महिने ती घरी येऊन गप्प बसायची. पण हट्टी होती. नियोजन, संघटन, माणसे नेमणे, दिशा देणे, नियंत्रण ठेवणे, ही व्यवस्थापनाची पाच कामे तिने इंग्रजीत घोकून घोकून पाठ केली.

डिसेंबरात प्रत्येक जोडीला एका स्थानिक धंद्याचा अभ्यास करून तो बाहेरच्या परीक्षकांसमोर मांडायचा होता. कोट घालणे सक्तीचे होते. फ्लेव्हियाने घरी हे सांगितले तेव्हा मायकेल उठला, ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढले.

"पप्पा, हा तुमचा आहे," फ्लेव्हिया म्हणाली. "कापावा लागेल."

"तुझ्या लग्नात घालीन म्हणून ठेवला होता," मायकेल म्हणाला. "पण तुना तर आताच लागतोय ना?"

दशरथने मला लगेच ओळखले. माझ्या खांद्यांवरून त्याने हात फिरवला. "मायकेलभाई, नीट विचार करा. एकदा कापला की परत तुमच्या अंगावर चढणार नाही."

"चढवायचाय कोनाला? काप."

मित्रांनो, कात्री लागली तेव्हा मला दुखले, हे मी लपवत नाही. जे खांदे माझा अभिमान होते तेच आधी उसवले गेले. चार दिवसांनी मी फ्लेव्हियाच्या अंगावर बसलो, आणि चांगला बसलो. फक्त बटणे पुरुषी बाजूलाच राहिली.

तिची जोडीदारीण रुचिता मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहायची. तिचे कुटुंब गिरगावातून इथे आलेले, वडील ऑफिसात. तिच्या घरी पहिली तालीम झाली तेव्हा तिने बटणे बघितली आणि हसत सुटली. "अगं, हा तर जेंट्सचा आहे! चालेल पण, एकदम भारी दिसतेयस."

फ्लेव्हियाही हसली. तो कोट कोणाचा, हे मात्र तिने सांगितले नाही. कॉलेजात वडिलांबद्दल कोणी विचारले तर ती "बिझनेसमध्ये आहेत" एवढेच म्हणत असे.

विषय रुचितानेच निवडला होता, उत्तनचा सुक्या बोंबलाचा धंदा. "तू तिकडचीच आहेस, सोपं पडेल," असे तिचे म्हणणे. दोघींनी छापील प्रश्नावली घेऊन उत्तनजवळच्या पाली आणि चौक या गावांतल्या चाळीस बायकांना प्रश्न विचारले. फ्लेव्हियाची आई नोरा स्वतः वीस वर्षे बोंबील सुकवत होती. तिला कोणी विचारले नाही. फ्लेव्हियाने ते घर टाळले, कारण ते तिचे स्वतःचे घर होते.

अहवाल इंग्रजीत तयार झाला, टाइप झाला, प्लास्टिकची तार घालून बांधूनही झाला. पान सव्वीसवर निष्कर्ष होता, की या धंद्यातल्या स्त्रिया कष्टाळू आहेत, पण त्यांच्या कामात नियोजनाचा पूर्ण अभाव आहे.

परीक्षेच्या चार दिवस आधीची दुपार. मला अंगात घालून फ्लेव्हिया आरशासमोर पाठ म्हणत होती. नोरा दारात कोयती घासत बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हते, पण मधूनमधून 'उत्तन' आणि 'बोंबील' हे शब्द तिच्या कानांवर पडत होते.

"यात आमचं काय लिवलंस?" तिने विचारले. "मराठीत सांग ना."

फ्लेव्हियाने आढेवेढे घेतले, पण नोरा ऐकेना. शेवटी तिने पान सव्वीसचे वाक्य मराठीत सांगितले.

"नियोजन म्हंजे?"

"म्हणजे... काम करायच्या आधी विचार करून ठरवणं."

नोराने कोयती खाली ठेवली. "त्यो न्हाय आमच्यात?"

फ्लेव्हियाने आरशाकडे पाठ केली.

"मी सकाली उठून पैला वारा बघते," नोरा सांगू लागली. आवाज चढलेला नव्हता आणि त्यामुळेच मला तो जड वाटला. "उत्तरेचा असला तर माल लगेच वलांडीवर टांगायचा. आभाल दिसलं तर थांबते, नुसता मीठ लावून ठेवते. कामाला येते त्या सुगंधाचा हात जलद, म्हनून वरच्या काठीवर ती. नवी बाई आली तर तिला खालची काठी, मोठ्या मालाला हात लावू देत न्हाय. पाऊस आला तर कोनी कुठली ताडपत्री उचलायची, ह्ये बी आधीच ठरलेलं. संध्याकाली माल कुठं कवला, वलसर राहिला का, ह्ये मी सोता बोटानं दाबून बघते. ह्याला तुझ्या पुस्तकात काय म्हनतात?"

फ्लेव्हियाच्या छातीचे ठोके मला अस्तरातून कळत होते. घोकलेली पाचही कामे तिच्या आईने एका दमात सांगितली होती. इंग्रजी शब्द तेवढे नव्हते.

"आय, मी तुला विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"मंग विचार की. मी कुठं गेले?"

दुसऱ्या दिवशी फ्लेव्हिया कॉलेजला गेली नाही. वही घेऊन वाळूवर गेली. बांबूच्या त्या उंच काठ्यांच्या रांगांना गावात वलांडी म्हणतात. दोन बोंबलांची तोंडे एकमेकांत अडकवून ते तिच्यावर टांगतात. फ्लेव्हिया आईच्या मागून चालत राहिली आणि लिहीत राहिली. मी घरी खुंटीवर होतो, पण संध्याकाळी तिने वही उघडली तेव्हा पानांना वाळू चिकटली होती.

रुचिताला हे कळले तेव्हा तिचा पारा चढला. तालमीसाठी नेलेला मी कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बाकावर पडलो होतो आणि दोघी माझ्यासमोरच भांडल्या.

"तू पागल आहेस का? स्पायरल होऊन रिपोर्ट जमा झालाय. परवा प्रेझेंटेशन आहे!"

"पण ते खोटं आहे, रुचिता."

"खोटं कसं? पुस्तकात तसंच दिलंय."

"आपण पुस्तकातलंच लिहिलं. तिथल्या बायकांचं नाही लिहिलं."

"तुला कसं माहीत?"

फ्लेव्हियाने माझी बाही हातात घेतली. मग म्हणाली, "माझी आय तेच काम करते. पप्पा होडीवर जातात. हा कोट त्यांचा आहे."

रुचिता बाकावर बसली. "हे तू मला आत्ता सांगतेयस?" तिच्या डोळ्यांत पाणी आले. "मला सत्तरच्या वर हवेत गं. पप्पा सीए कर म्हणत होते. त्यांच्याशी भांडून मी इथे आलेय."

दोघी सुचेता मॅडमकडे गेल्या. त्या व्यवस्थापन शिकवायच्या. त्यांनी सरळ सांगितले, "जमा झालेला अहवाल बदलता येणार नाही. तोंडी काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. पण दोन्हींत फरक पडला तर मार्क जातील, मी वाचवू शकणार नाही."

बाहेर आल्यावर रुचिता म्हणाली, "बोल तुला काय बोलायचं ते. पण अडकलीस तर माझ्याकडे बघू नकोस."

परीक्षेच्या दिवशी मायकेलने स्वतः मला ब्रश केला. हॉलमध्ये प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता, पारदर्शक कागदांवर रेखाटलेली चित्रे भिंतीवर पडत होती. रुचिताने पहिला भाग सफाईने मांडला. मग फ्लेव्हिया उभी राहिली. इंग्रजीत बोलताना ती दोनदा अडखळली, पण थांबली नाही. वारा बघण्यापासून बोटाने दाबून बघण्यापर्यंत सगळे तिने सांगितले.

परीक्षकांनी अहवालाची पाने उलटली. "पान सव्वीसवर तुम्ही लिहिलंय, नियोजनाचा अभाव. आता म्हणता नियोजन आहे. खरं कोणतं?"

"सर, मराठीत सांगू का?"

"सांगा."

"आत्ता बोलले ते खरं आहे. पान सव्वीस चुकीचं आहे."

"चाळीस जणींना विचारलंत ना? मग चुकीचं कसं?"

"आम्ही विचारलं, तुमच्याकडे लेखी योजना आहे का? सगळ्या नाही म्हणाल्या. आम्ही तिथेच थांबलो. लेखी नाही तर मग कशी आहे, हे विचारलंच नाही. त्यांतली एक माझी आई असू शकली असती, सर. तिला तर मी तेवढंही विचारलं नव्हतं."

माझ्या काखेत घाम उतरत होता. तेवढ्यात बाजूची खुर्ची सरकली आणि रुचिता उभी राहिली.

"सर, तो प्रश्न मी लिहिला होता," ती म्हणाली. "चूक दोघींची आहे."

परीक्षकांनी काही लिहून घेतले. चेहऱ्यावरून काही कळले नाही.

आठवड्याने निकाल लागला. दोघींना बावन्न मिळाले. सुचेता मॅडमनी सांगितले, की अहवाल आणि मांडणी जुळत नाही म्हणून अठरा गुण कापले गेले. रुचिता त्या दिवशी कोणाशी बोलली नाही. पण रविवारी ती बसने उत्तनला आली, नोराने दिलेले कालवण जेवली आणि दुपारभर वलांडीखाली उभी राहून प्रश्न विचारत राहिली. यावेळी तिच्या हातात छापील कागद नव्हता.

काल संध्याकाळी फ्लेव्हियाने ते सगळे मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहून काढले आणि नोराच्या हातात दिले. मी तिथेच खुर्चीच्या पाठीवर होतो. नोरा चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून तिने पहिले पान वाचले, दुसरे वाचले. मायकेल जाळे विणायचे थांबवून बघत राहिला. तिसऱ्या पानावर तिचे बोट अडले.

"हितं चुकलंय."

"कुठे?"

"चार दिवसांत सुकतो लिवलंस. उत्तरेचा वारा असला तर तीनच दिवस. पेन दे."

आणि तिने स्वतः 'चार' खोडून वर 'तीन' लिहिले. मग मान खाली घालून पुढचे पान वाचू लागली.

मित्रांनो, पुढल्या आठवड्यात नाताळ आहे. फ्लेव्हियाची अजून अडीच वर्षे बाकी आहेत आणि मला बरेच हॉल बघायचे आहेत. तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे जुने कापड ट्रंकेत पडले असेल. त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा. कामाला येत असेल तर खुशाल कापा, आम्ही सोसतो. पण कात्री लावण्याआधी, ते ज्याने अंगावर घातले होते त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि त्याचे ऐका. माणसांविषयी काही लिहायला बसाल, तेव्हाही हेच करा.